इंग्रजीचं प्राध्यापक होऊन मराठी नाटक लिहिणं जमतं का?

तुमचा प्रश्न असा की नागपुरात एमए इंग्लिशच्या शेवटच्या वर्षाला आहात, मराठीत एकांकिका लिहिता, आणि घरचे म्हणून राहिले की नेट (प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा) काढ, प्राध्यापक हो, मग नाटक लिहायला वेळच वेळ, नाटककार महेश एलकुंचवार सरांनी पण तेच केलं ना. खरंच असं होतं का?

मी नागपुरातल्याच एका कॉलेजात इंग्रजी शिकवते आणि पोरांसाठी एकांकिका लिहिते, म्हणून सांगते. प्राध्यापक होऊन नाटक लिहिता येतं, पण घरचे जे कारण सांगतात ते काही खरं नाही. वेळ मिळत नाही. मिळतं ते दुसरंच काही, आणि माझ्या मते ते वेळेपेक्षा कितीतरी मोठं आहे.

आधी वेळेचं बोलून टाकते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमात असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचे असतात, ऐकायला कमी वाटतं, पण त्याच नियमात आठवड्याचे ४० तास कामाचे धरलेले आहेत आणि उरलेल्या तासांत अ‍ॅडमिशन, इंटरनलचे मार्क, नॅकच्या (कॉलेजचं मूल्यांकन) फायली, एनएसएस, सुपरव्हिजन आणि पेपर तपासणं. कंपल्सरी इंग्लिशचा गठ्ठा संपवून घरी आल्यावर संवाद सुचत नाहीत हो, झोप येते. सुट्टी म्हणाल तर हिवाळी परीक्षा झाली की उन्हाळी परीक्षा असतेच.

आणि हे सगळं पर्मनंट झाल्यावरचं. त्याआधी एमएला ५५ टक्के (आरक्षित प्रवर्गाला ५ टक्के सूट), मग नेट किंवा तशीच राज्याची सेट. २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरसाठी पीएचडी ऐच्छिक झाली, नेट-सेट मात्र लागतंच. ते निघालं की लगेच जागा मिळते असंही नाही, बहुतेक पोरं आधी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर लागतात. जेवढे तास तेवढं मानधन, तेही हातात यायला महिने लागतात, सेशन संपलं की ऑर्डर संपली. सकाळी शहरातलं एक कॉलेज, दुपारी कामठी नाहीतर उमरेडकडचं दुसरं, मधल्या वेळात बसमध्ये डबा. पर्मनंटचा सुरुवातीचा बेसिक ५७,७०० आहे हे खरं, पण तिथपर्यंत पोचायला किती वर्षं जातील हे कोणी लिहून देत नाही. हे तुम्हाला घाबरवायला नाही सांगत, घरी बोलायला बसाल तेव्हा हे माहीत असलेलं बरं.

अजून एक गोष्ट, जी मला मनापासून खटकते. प्रमोशनसाठी जे पॉइंट धरतात त्या तक्त्यात रिसर्च पेपर आहे, पुस्तक आहे, अनुवाद आहे (पुस्तकाच्या अनुवादाला ८ गुण), पण भाषेच्या प्राध्यापकानं लिहिलेल्या नाटकाच्या प्रयोगाला रकाना नाही. म्हणजे इब्सेनच्या नाटकावर आठ पानांचा लेख लिहिला तर तो मोजला जातो आणि तुम्ही स्वतः दोन अंकी नाटक लिहून रंगमंचावर आणलंत तर फायलीत ते कुठं लावायचं हाच प्रश्न. साहित्य शिकवणाऱ्या माणसानं साहित्य लिहिलं तर त्याची नोंद व्हायलाच पाहिजे, हे मी स्टाफरूममध्ये पण बोलते आणि इथं पण बोलते.

आता मिळतं काय ते सांगते. नाटक शिकवायचं म्हणजे ते मोठ्यानं वाचावं लागतं, एकदा नाही, दरवर्षी, नवीन पोरांसमोर. एकटं बसून वाचताना जे कळत नाही ते वर्गात कळतं. सुझन ग्लास्पेलचं ‘ट्रायफल्स’ (१९१६) तुम्ही वाचलं असेलच. नवऱ्याच्या खुनाचा आरोप असलेली बाई, ती पूर्ण नाटकात एकदाही स्टेजवर येत नाही. पुरुष मंडळी वर जाऊन पुरावा शोधतात आणि खाली स्वयंपाकघरात दोन बायकांना तिची अर्धवट शिवलेली गोधडी सापडते, टाके आधी एकसारखे, मग एका जागी अचानक वेडेवाकडे. बीएच्या वर्गात हे वाचत होतो, मागच्या बाकावर नेहमीसारखी चुळबुळ, वाचणाऱ्या पोरीचे इंग्रजी उच्चार अडखळत होते, आणि टाक्यांचं वाक्य आलं तसा सगळा वर्ग चिडीचूप. सावनेरकडची एक पोरगी हळूच म्हणाली, मॅडम, तिचा हात थरथरला असन. वाक्यात तसं कुठंच लिहिलेलं नाही, पण तिनं आजीला गोधडी शिवताना पाहिलेलं होतं, म्हणून तिला लेखिकेनं न लिहिलेलं ऐकू आलं. ज्याला नाटक लिहायचं आहे त्याच्यासाठी याहून चांगलं ट्रेनिंग मला माहीत नाही. कुठं वर्ग सुटतो, कुठं धरला जातो, कोणतं वाक्य जास्तीचं आहे, हे पन्नास-साठ चेहरे तुम्हाला फुकटात शिकवतात, आणि वर पगार पण मिळतो.

एलकुंचवार सरांचं म्हणाल तर त्यांचं उदाहरण नीट बघा. यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचा माणूस, नागपूर विद्यापीठातून इंग्रजीत एमए, मग इथंच धरमपेठेत इंग्रजी शिकवायची नोकरी केली, पुढं दिल्लीच्या एनएसडीत (राष्ट्रीय नाट्य विद्यालय) आणि पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पण शिकवून आले. पण नाटककार ते इंग्रजीच्या वर्गामुळं झाले नाहीत. दिग्दर्शिका विजयाबाई मेहतांनी बसवलेलं तेंडुलकरांचं ‘मी जिंकलो! मी हरलो!’ १९६५ मध्ये पाहिलं, इतकं भिडलं की दुसऱ्या दिवशी परत पाहिलं, तिथून लिहायचं ठरलं. १९६७ ला ‘सुलतान’ ही एकांकिका ‘सत्यकथा’ मासिकात आली आणि विजयाबाईंनीच ती ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेतर्फे केली. म्हणजे आधी प्रयोगाचा धक्का, त्यानंतर ढिगानं वाचन. तुम्ही फक्त दुसरं करत असाल तर पहिल्याची सोय लावा.

आणि लिहिलं कशावर ते बघा. ‘होळी’त होस्टेलची पोरं आहेत, कॉलेज आहे, सुट्टी नाकारणारं मॅनेजमेंट आहे, चेष्टेची हिंसा होत जाते. केतन मेहतांनी १९८४ मध्ये त्यावर पिक्चर काढला. तिकडं नाशिकला वसंत कानेटकर, ते पण इंग्रजीचेच प्राध्यापक, एचपीटी कॉलेजात शिकवायचे, त्यांच्या ‘अश्रूंची झाली फुले’चा नायक प्रोफेसर विद्यानंद आणि समोर लाल्या हा विद्यार्थी. दोघांची लिहायची जात एकदम वेगळी, एक कडक प्रायोगिक, दुसरा व्यावसायिक रंगभूमी गाजवणारा, पण कॉलेज नावाची जागा दोघांनी आतून बघितलेली. ते बघणं नोकरीनं दिलं, ते तुम्हालाही मिळेल.

एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) बद्दल लोक लगेच म्हणतात, हे तर रशियन नाटककार चेखॉव्हसारखं. मला ते अर्धंच पटतं. चेखॉव्हच्या ‘चेरी ऑर्चर्ड’मध्ये इस्टेटीचा लिलाव होतो, झाडांवर कुऱ्हाडी पडतात, म्हणजे एक शेवट तरी होतो. धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा विकला जात नाही, घरचे कर्ते तात्याजी गेलेत, त्यांची आई दादी अजून लेकाचं नाव घेऊन किती वाजले विचारते, अंगणात ट्रॅक्टर बंद पडून गंजून राहिला आणि त्याचाच पत्रा लागून चंदूचा पाय चिघळतो. वहिनी रात्री घरातले दागिने अंगावर चढवून बघते, तो प्रसंग तर मी कितीदा वाचला असेल. पुढं तेच दागिने घेऊन तिची पोरगी रंजू पळून जाते, आणि कोणासोबत, तर शिकवणीच्या मास्तरसोबत! हे कोणत्याही इंग्रजी पुस्तकातून येत नाही. इंग्रजीनं बांधणी शिकवली असेल, किती बोलायचं आणि कुठं थांबायचं ते, पण तो ट्रॅक्टर विदर्भातला आहे. इंग्रजी शिकणाऱ्या पोरांच्या एकांकिका मी वाचते तेव्हा बरेचदा हेच हुकलेलं असतं, पात्रं ‘अस्तित्व’ आणि ‘पोकळी’वर बोलत राहतात आणि घरात भाजी कोणी आणली, लाइटबिल कोणी भरलं याचा पत्ता नाही.

म्हणून माझं सरळ सांगणं. नेट-सेटचा अभ्यास करा, नोकरीचा प्रयत्न नक्की करा, कारण शिकवणं ही स्वतःच खूप मोलाची गोष्ट आहे, पण शिकवायला आवडत असेल तरच. फक्त लिखाणाला वेळ मिळावा म्हणून येत असाल तर नका येऊ, त्यात तुमचंही नुकसान आणि समोर बसलेल्या पोरांचं जास्त. आणि लिहिणं नोकरी लागेपर्यंत थांबवू नका, सीएचबीच्या काळात एकदा सुटलं तर परत हाताला लागत नाही, माझ्या डोळ्यासमोर दोन चांगल्या लेखकांचं तसं झालं.

राज्य नाट्य स्पर्धेची नागपूर केंद्रावरची प्राथमिक फेरी सोडू नका, तिकीट अगदी स्वस्त असतं, वाईट प्रयोग पण शेवटपर्यंत बघा आणि प्रेक्षक कुठं मोबाइल काढतात ते लक्षात ठेवा. पीएचडी करायचीच ठरली तर मराठी नाटक ज्यात येईल असा विषय घ्या, शेक्सपिअर मराठीत कसा आला हा घ्या, आगरकरांचं ‘विकारविलसित’ १८८३ चं, देवलांचा ‘झुंजारराव’, शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’, सामान भरपूर आहे, इंग्रजी विभागात तो विषय चालतो आणि तीन-चार वर्षं तुम्ही रोज मराठी संवाद वाचत राहाल. गाइड मात्र नाटक बघणारा शोधा, नुसतं नाटक शिकवणारा नको.