बाळ चार महिन्यांचं आहे, नवरा सारखा चिडतो. पुरुषांनाही बाळंतपणानंतरचं डिप्रेशन येतं का?

येतं, ताई. साधारण दहातल्या एका बापाला, आणि बाळ ३ ते ६ महिन्यांचं असताना जास्त. पुरुष रडत बसतीलच असं नाही. चिडतात, ड्युटीवरून मुद्दाम उशिरा येतात, बाळाला घ्यायचं टाळतात, काहींची दारू वाढते. आईला डिप्रेशन असेल तर बापालाही धोका वाढतो, म्हणून स्वतःकडेही बघा. (घरचे नजर लागली म्हणतील, म्हणू द्या.)

दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा. यायला तयार नसतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, तेही फुकट. मरणाची भाषा केली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.