दोन वर्षांचा करार आणि वीस वर्षांचा करार

तुम्ही प्रश्न सविस्तर विचारला आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. लोटे परशुरामच्या एका रासायनिक कारखान्यात सहा वर्षे देखभाल विभागात काम केल्यानंतर कतारमधील रास लाफान या गॅस-उद्योगाच्या वसाहतीतील एका उपकंत्राटदाराचे दोन वर्षांचे ऑफर लेटर तुमच्या हाती आले आहे. पगाराबद्दल तुमची तक्रार नाही. भारताने कतारकडून गॅस घेण्याचा व्यवहार किती काळ चालेल, भारत आणि कतार यांचे बिनसले तर काय होईल आणि पुढेमागे कोकणातच रिफायनरी उभी राहिली तर परत येता येईल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी मूळचा गुहागर तालुक्यातला असून गेली सतरा वर्षे येथे कतारमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनच्या (मोजमाप आणि नियंत्रणाच्या उपकरणांच्या) कामात आहे, तेव्हा जे पाहिले आहे त्याच्या आधाराने लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. भारताच्या पेट्रोनेट कंपनीने १९९९ साली कतारशी वर्षाला ७५ लाख टन द्रवरूप नैसर्गिक वायू घेण्याचा पंचवीस वर्षांचा करार केला आणि २००४ साली पहिले जहाज गुजरातेत दहेजला लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये गोव्यातील बेतुल येथे, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावर, तेवढ्याच मालासाठी २०२८ ते २०४८ असा वीस वर्षांचा नवा करार झाला. त्याच महिन्यात कतारने आपली उत्पादनक्षमता वर्षाला ७.७ कोटी टनांवरून २०३० पर्यंत १४.२ कोटी टनांवर नेण्याचे जाहीर केले. तेव्हा धंदा टिकेल. मात्र तुमची नोकरी आणि हा धंदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्लांट बांधताना हजारो माणसे लागतात आणि तो चालवायला त्यांच्या तुलनेत मोजकीच. तुमचे पत्र बांधकामाच्या टप्प्यातले आहे, म्हणून २०४८ या आकड्यावर तुम्ही विसंबून चालणार नाही.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र थोडे थांबतो, कारण आपल्या भागातल्या माणसाला त्याचे उत्तर इतरांपेक्षा लवकर कळायला हवे. दोन देशांतले ऊर्जेचे संबंध मंत्र्यांच्या हस्तांदोलनात दिसतात, पण ते कसाला लागतात भाव बिघडतो तेव्हा. वायूच्या दीर्घ मुदतीच्या करारांत ‘टेक ऑर पे’ नावाचे कलम असते: माल उचला, नाही उचलला तरी पैसे भरा. २०१४ च्या उत्तरार्धात कच्च्या तेलाचे भाव कोसळले, पण कतारच्या वायूची किंमत तेलाच्या साठ महिन्यांच्या सरासरीशी बांधलेली असल्यामुळे ती भराभर उतरेना. खुल्या बाजारात एका एककामागे (एमएमबीटीयू, म्हणजे उष्णतेवरून वायू मोजण्याचे माप) सहा-सात डॉलरला मिळणारा वायू भारताला बारा-तेरा डॉलरला पडू लागला, तेव्हा पेट्रोनेटने २०१५ साली ठरलेल्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश माल कमी उचलला. कागदाप्रमाणे त्याचा दंड बारा हजार कोटी रुपयांच्या घरात जात होता. कतारने तो माफ केला, सरासरीची मुदत तीन महिन्यांवर आणली आणि बदल्यात भारताने वर्षाला दहा लाख टन जादा माल घेण्याचे मान्य केले. ३१ डिसेंबर २०१५ रोजी यावर सह्या झाल्या. यात औदार्य किती आणि हिशेब किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्या मते ऑस्ट्रेलियाचा आणि अमेरिकेचा वायू बाजारात येऊ लागलेला असताना मोठे गिऱ्हाईक दुखवायचे नाही, हा हिशेबच अधिक होता.

आता याच्या शेजारी एन्रॉन, म्हणजे त्या अमेरिकी कंपनीचा दाभोळ वीज प्रकल्प, ठेवून पाहा. (नाव दाभोळचे पडले, पण प्रकल्प खाडीच्या दक्षिणेला, आमच्या अंजनवेल-वेलदूरकडे आहे.) तेथेही वीज घ्या अगर न घ्या, स्थिर आकार भरा, असेच बंधन होते, तेथेही दर डॉलरशी आणि इंधनाच्या भावाशी बांधलेला होता, आणि दुसऱ्या टप्प्यासाठी वायू ओमान आणि अबू धाबी येथूनच यायचा होता. १९९५ साली राज्य सरकारने करार रद्द केला, पुन्हा बोलणी झाली, १९९९ साली ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ साली तो बंद पडून प्रकरण लवादापर्यंत गेले. दुसऱ्या टप्प्याचे काम बहुतांश झालेले असताना थांबले. आमच्या वाडीत कामगारांना भाड्याने द्यायला बांधलेल्या खोल्यांत पुढे कित्येक पावसाळे गवताचे भारे आणि होडीचे सामान पडून होते. कलम दोन्हीकडे सारखेच होते, परंतु दहेजच्या व्यवहारात दोन्ही पक्षांना एकमेकांची पुढची वीस वर्षे गरज होती आणि अंजनवेलच्या व्यवहारात ती उरली नव्हती.

हीच गरज २०१७ मध्येही दिसली. जूनमध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले आणि हवाई, सागरी व जमिनीवरचे मार्ग बंद केले. दुबईच्या जेबेल अली बंदरामार्गे येणारा माल थांबला, म्हणून न्हावा-शेवा आणि मुंद्रा येथून थेट कतारच्या हमाद बंदरापर्यंत जहाजे सुरू झाली. या सगळ्या काळात, म्हणजे जानेवारी २०२१ पर्यंत, कतारचा वायू समुद्राखालच्या डॉल्फिन वाहिनीतून अमिरातीला मात्र अखंड जात राहिला. पहिल्या आठवड्यात दुकानांत दुधासाठी रांगा लागल्या आणि आई रोज फोन करून परत ये म्हणत होती. कामावर मात्र माझी एकही पाळी चुकली नाही. तरी एक धोका कराराने टळत नाही: येथला वायू नेणाऱ्या जहाजांना होर्मुझच्या सामुद्रधुनीखेरीज वाट नाही. जून २०२५ मध्ये इराणने कतारमधील अल उदैद या अमेरिकी लष्कराच्या तळावर क्षेपणास्त्रे सोडली, त्या रात्री कतारचे आकाश काही तास विमानांना बंद होते. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

रिफायनरीचे थोडक्यात सांगतो. नाणारच्या प्रकल्पात २०१८ साली सौदी अरामको आणि अबू धाबीची अॅडनॉक भागीदार होणार होत्या, क्षमता वर्षाला सहा कोटी टन होती; २०१९ मध्ये जमिनीची अधिसूचना मागे घेतली गेली. बारसूला २०२३ मध्ये माती परीक्षणालाच विरोध झाला. विरोध करणाऱ्यांची बाजू मला पुष्कळशी पटते, पण ते येथे अप्रस्तुत आहे. परतीचा हिशेब या प्रकल्पावर मांडू नका, एवढेच सांगतो.

राहिला तुमच्या हातातला कागद. देशांच्या कराराला जे विचारले तेच त्यालाही विचारा: वाईट दिवशी तो काय म्हणतो? काम मुदतीआधी संपले तर नोटीस किती आणि परतीचे तिकीट कोणाकडे, हे त्यात लिहून घ्या. मूळ पगार आणि भत्ते वेगळे दाखवलेले असावेत, कारण येथील कायद्याप्रमाणे एक वर्ष पूर्ण झाल्यावर दर वर्षामागे किमान तीन आठवड्यांच्या मूळ पगाराइतकी ग्रॅच्युइटी मिळते; मूळ पगार मुद्दाम लहान ठेवून भत्ते फुगवणारे बरेच आहेत. २०२० पासून मालकाच्या ना-हरकत पत्राशिवाय नोकरी बदलता येते. पहिल्या दोन वर्षांत एक महिन्याची आणि त्यानंतर दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. बांधकामातून प्लांट चालवण्याच्या बाजूला सरकायचे असेल तर तुमची वाट हीच आहे, म्हणून व्हिसावर हुद्दा ‘मेकॅनिकल टेक्निशियन’ असाच पडेल याची खात्री करा. ‘हेल्पर’ म्हणून आलेला डिप्लोमाधारक अनुभवाचा दाखला घेऊन कोठेही गेला तरी त्याला हेल्परच समजतात. एजंट ई-मायग्रेट या भारत सरकारच्या संकेतस्थळावर नोंदलेला आहे का, ते पाहा. त्याला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा अधिक घेता येत नाही. तुमच्याकडे दीड लाख मागितले आहेत असे तुम्ही लिहिता. तेवढे पैसे देऊन येऊ नका, पावती मागा, आणि तो पावती देत नसेल तर पासपोर्ट परत घेऊन दुसरा एजंट पाहा.