अटलांटाहून एका दिवसात पाहण्यासारखं ऐतिहासिक छोटं गाव कोणतं?

टस्कीगीला जा, अलाबामा. आय-८५ महामार्गाने गाडीने साधारण दोन-सव्वादोन तास.

मराठी माणसाला कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर माहीत असतो, पण तो अखेरपर्यंत राबला ते गाव फार कमी जण बघतात. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये इथे कृष्णवर्णीयांसाठी शाळा काढली. तिच्या जुन्या इमारतींच्या विटा जरूर निरखून बघा. त्या विद्यार्थ्यांनीच भाजल्या आहेत. पहिल्या तीन भट्ट्या फसल्या, तेव्हा चौथीसाठी वॉशिंग्टन यांनी स्वतःचं घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकलं! त्यांचं घर 'द ओक्स' (१८९९) याच विटांचं. आराखडा रॉबर्ट टेलर यांचा, एमआयटीतून पदवी घेतलेले ते पहिले कृष्णवर्णीय.

कार्व्हर संग्रहालय याच शाळेच्या जुन्या धुलाईघरात आहे. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ तिथेच द्यावा. कार्व्हर १८९६ मध्ये आले आणि १९४३ पर्यंत, अखेरपर्यंत, इथेच राहिले. त्यांची समाधी वॉशिंग्टन यांच्या समाधीशेजारीच आहे.

मग मोटन फील्ड हा विमानतळ. दुसऱ्या महायुद्धातल्या कृष्णवर्णीय वैमानिकांचं प्राथमिक प्रशिक्षण इथे झालं. हँगरमध्ये आता संग्रहालय आहे.

याच परिसरात १९३२ ते १९७२ या काळात सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना ठेवून अभ्यास केला. तो इतिहास वाचूनच जा, टाळू नका.

अलाबामाचं घड्याळ अटलांटापेक्षा एक तास मागे असतं. संग्रहालयांच्या वेळा नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर आधी बघून घ्या.