मीडियल-लॅटरल उलटं होत असेल तर आधी तळहात समोर वळवा

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, शरीराच्या दिशा आणि प्लेन्स (शरीराचे काल्पनिक काप) पाठ करते पण पेपरात उलटसुलट होतात, असं तुम्ही लिहिलंय. मी बरीच वर्षं सीटी स्कॅन विभागात काम करतोय. पाठांतरात तुम्ही कमी पडत नाही आहात. शरीर कुठल्या स्थितीत धरायचं हेच बहुतेकांचं पक्कं झालेलं नसतं.

पुस्तक मिटा आणि उभ्या राहा. नजर समोर, हात अंगालगत, तळहात समोर वळवलेले, अंगठे बाहेरच्या बाजूला. पेशंट पालथा असो की कुशीवर, तो असा उभा आहे असं धरूनच शब्द वापरायचे. मीडियल म्हणजे शरीराच्या मधल्या रेषेकडचं, लॅटरल म्हणजे तिच्यापासून लांबचं. रेडियस हे मनगट ते कोपर यांमधलं अंगठ्याच्या बाजूचं हाड लॅटरल का? कारण या स्थितीत अंगठा शरीराच्या मधल्या रेषेपासून लांब असतो. तळहात मागे वळवून विचार केलात की उत्तर चुकलंच.

डावं-उजवं नेहमी पेशंटचं. सीटीचे आडवे काप आपण पेशंटच्या पायांकडून बघतो, त्यामुळे उजवीकडचं यकृत स्क्रीनवर आपल्या डाव्या हाताला दिसतं. शिकाऊ असताना मी एकदा बाजूची उलट नोंद केली होती, सिनियरनी वेळेत पकडली. तेव्हापासून पेशंटला दुखरी बाजू हाताने दाखवायला सांगतो आणि मगच लिहितो.

दिशांचे हे शब्द तुलनेनेच बोलायचे. सातारा दक्षिणेला, असं नुसतं म्हणून चालत नाही. पुण्याच्या दक्षिणेला, पण कोल्हापूरच्या उत्तरेला. तसंच हातापायांत धडाच्या जवळचं ते प्रॉक्सिमल, लांबचं ते डिस्टल. कोपर मनगटाच्या मानाने प्रॉक्सिमल, पण खांद्याच्या मानाने डिस्टल. कशाच्या मानाने, ते लिहिल्याशिवाय वाक्य पुरं करू नका.

प्लेन्ससाठी स्वतःचं डोकं वापरा. मधोमध भांग पाडा. त्या रेघेतून सरळ खाली कापलं तर डावा आणि उजवा असे भाग होतात, तो सॅजायटल. हेअरबँड या कानापासून त्या कानापर्यंत बसतो, तिथून खाली कापलं तर पुढचा आणि मागचा भाग, तो कोरोनल. कमरेचा करदोटा म्हणजे ट्रान्सव्हर्स. आम्ही त्यालाच ॲक्झियल म्हणतो. कवटीच्या सांध्यांनाही हीच नावं आहेत. भांगाच्या रेघेखाली सॅजायटल सूचर, हेअरबँडखाली कोरोनल सूचर, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे तान्ह्या बाळाची टाळू. आजी तेल घालून टाळू भरते ना, तीच जागा. ती आठवली की दोन्ही प्लेन हाताशी येतात.

शरीरातल्या पोकळ्यांच्या (कॅव्हिटीजच्या) बाबतीत मराठी शब्दच थोडा फसवतो. पोकळी म्हटलं की रिकामी जागा वाटते, पण आत अवयव खच्चून भरलेले असतात. फुप्फुसावरणाच्या दोन थरांमध्ये तर एरवी अगदी थोडा द्रव असतो. लोक ‘फुप्फुसात पाणी झालं’ म्हणतात, ते पुष्कळदा फुप्फुसात नसून या दोन थरांमध्ये साचलेलं असतं. म्हणून तर ते बरगड्यांमधून सुई घालून काढता येतं.

बरगड्या संपल्या की छाती संपली, असं मात्र समजू नका. खरी हद्द श्वासपटलाची, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याची (डायफ्रॅम), आणि ते घुमटासारखं वर चढलेलं असतं. यकृत, प्लीहा (स्प्लीन), जठराचा वरचा भाग हे बरगड्यांच्या आड असूनही उदरपोकळीतले आहेत. मोटरसायकलवरून पडून डावीकडच्या खालच्या बरगड्यांना मार लागला, की प्लीहेला इजा झाली असेल म्हणून पोट तपासतात ते यामुळेच.

खाली उदर आणि ओटीपोट अशी दोन नावं आहेत, पण मध्ये पडदा नाही. वर झालेला रक्तस्राव उतरून ओटीपोटात साचू शकतो, म्हणून अपघाताच्या पेशंटची सोनोग्राफी करताना तिथेही आवर्जून बघतात.