कोपेपॉड्स टाकूनही मँडरिन बारीक होतोय

प्रश्न: नमस्कार दादा, माझा १५० लिटरचा रीफ टँक (प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा मत्स्यालय) आहे, सुरू करून चार महिने झाले. मँडरिन मासा आणलाय पण पेलेट्सना तोंडच लावत नाही, फ्रोझनलाही नाही. दर पंधरा दिवसांनी सकाळी लाइट लागले की लाइव्ह कोपेपॉड्सची (पाण्यातल्या अगदी बारीक कवचधारी जिवांची) एक बाटली ओततो, तरी पोट आत गेलंय. सोबत सिक्सलाइन रास हा दुसरा मासा आहे. काय चुकतंय? – एक वाचक, ठाणे

उत्तर: पोट आत गेलंय म्हणताय तर आधी माशाचं बघू. त्याला टँकमध्येच बारीक जाळीच्या ब्रीडर बॉक्समध्ये ठेवा आणि दिवसातून तीन-चार वेळा कोपेपॉड्स आणि आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीसारख्या जिवाची) पिल्लं पिपेटने त्याच्या तोंडासमोर सोडा. पिल्लं अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच द्या, उशीर झाला की त्यांच्यातला बलक संपतो मग खाऊन अंगी लागत नाही. मँडरिन हा कोंबडी अंगणात दाणे टिपते तसा दिवसभर एकेक टिपत फिरणारा मासा, पंधरा दिवसांतून एकदा मेजवानी देऊन त्याचं भागत नाही.

आता बाटलीचं. ती जेवण नाही हो, विरजण आहे! टँकमध्ये त्यांची वस्ती वाढली पाहिजे, आणि तुम्ही भर उजेडात, पंप चालू असताना ओतताय म्हणजे अर्धे रासच्या पोटात आणि उरलेले फिल्टर सॉकमध्ये (पाणी गाळणाऱ्या कापडी पिशवीत). लाइट बंद झाल्यावर तासाभराने, रिटर्न पंप, वेव्हमेकर (लाटा करणारा पंखा), यूव्ही दिवा सगळं बंद करून खडकाच्या बुडाशी हळूच सोडा, अर्ध्या तासाने आठवणीने परत चालू करा. वस्तीसाठी टिस्बे जातीचे कोपेपॉड्स घ्या, ती खडकात आणि वाळूत लपून वाढते. लालसर टिग्रिओपस ही दुसरी जात पाण्यात उसळ्या मारते, माशाच्या लगेच नजरेत येते, म्हणून ती रोजच्या खाण्याला छान.

घरी कोपेपॉड्स वाढवणं अजिबात अवघड नाही. पाच लिटरची बरणी, टँकइतकंच खारं पाणी, एअरपंपची नुसती नळी (एअरस्टोन नको), सेकंदाला एक-दोन बुडबुडे बास. फायटोप्लँक्टन (सूक्ष्म शेवाळ, त्यांचं खाणं) पाणी फिकट पोपटी होईल इतकंच घाला, पाणी निवळलं की परत घाला, जास्त घातलंत तर नासतं. दोन-तीन आठवड्यांनी पाव भाग पाणी बारीक जाळीतून गाळून टँकमध्ये द्या आणि बरणीत तेवढंच नवं खारं पाणी भरा. सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) कीटोमॉर्फा या केसांसारख्या शेवाळाचा गुंता ठेवलात तर त्यातही ते सुखाने वाढतात. तांब्याचं औषध मात्र टँकमध्ये चुकूनही नको, सगळे कोपेपॉड्स मरतील. आणि खडक हवा म्हणून किनाऱ्यावरून प्रवाळ उचलू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

खरं सांगायचं तर चार महिन्यांचा टँक मँडरिनसाठी फारच कोवळा, त्यात रासही तेच खाणार, तिला दुसरं घर बघाच. रात्री टँकचे लाइट बंद झाल्यावर दोन तासांनी काचेवर टॉर्च मारा, मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके झटके देत पळताना जागोजाग दिसायला हवेत, तोवर त्याला बॉक्समध्येच भरवा.