आधी एकच टांकसाळ

चि.,
अनेक आशीर्वाद.

रोमन प्रांतांची चांदीची नाणी जमवायचं मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. पण तुझ्या यादीत अँटिओक, कप्पाडोकियातलं सीझेरिया, बोस्त्रा, अलेक्झांड्रिया अशा सगळ्याच टांकसाळी आहेत. माझं ऐक, पहिलं वर्षभर फक्त इजिप्तमधली अलेक्झांड्रिया घे.

या नाण्यांवर साल असतं. मागच्या बाजूला इंग्रजी एलसारखी खूण शोध. तिच्याजवळचं ग्रीक अक्षर म्हणजे सम्राटाचं राज्यवर्ष : अल्फा १, बीटा २. मात्र इजिप्तचं वर्ष २९ ऑगस्टच्या सुमारास बदलायचं. सम्राट हेड्रियन ११ ऑगस्ट इ.स. ११७ला गादीवर आला, म्हणजे त्याचं पहिलं वर्ष जेमतेम अठरा दिवसांचं! एवढं उमगलं की ते नाणं तुझ्याशी बोलायला लागेल.

चकाकीची अपेक्षा ठेवू नकोस. सम्राट टायबेरियसने सुरू केलं तेव्हापासूनच हे टेट्राड्रॅक्म, म्हणजे चार द्रामचं नाणं, हिणकस चांदीचं, आणि पुढे सम्राट डायोक्लेशियनच्या काळात तर त्यात चांदी नावालाच उरली. इजिप्तमध्ये डिनॅरियस हे रोमचं चांदीचं नाणं चालत नसे, त्यामुळे लोकांना हेच नाणं वापरावं लागे. मी तरुणपणी असं एक काळपट नाणं लिंबाच्या पाण्यात टाकलं. वरचा थर गेला आणि खाली खडबडीत, तांबूस धातू उरला. त्याची हळहळ अजून वाटते. तू नाण्याला काही लावू नकोस. कडा भिंगाखाली बघ. सांध्याची रेघ दिसली तर ते ओतीव, म्हणजे बनावट असण्याची शक्यता मोठी.

बोस्त्राचा मोह मी समजू शकतो. सम्राट ट्राजनच्या तिथल्या उंटवाल्या द्राम नाण्यांपैकी काही, रोमनांच्या आधी तिथे असलेल्या नबातियन राज्याच्या जुन्या नाण्यांवरच पुन्हा ठोकलेली आहेत, खालची अक्षरं अधूनमधून डोकावतात. आपल्याकडे नाशिकजवळ जोगलथेंबीला १९०६मध्ये क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवला होता. राज्य बदललं, चांदी तीच. जोगलथेंबीची नाणी एकदा संग्रहालयात डोळे भरून बघ, मग बोस्त्राकडे वळ.

आणि प्रत्येक नाण्यासोबत आलेली जुनी चिठ्ठी, पावती, पाकीट जपून ठेव. ते कुठल्या संग्रहातून आलं हे विक्रेता सांगत नसेल, तर स्वस्त असलं तरी सोड.

पहिलं नाणं आलं की वजन आणि दोन्ही बाजूंचे फोटो पाठव. साल मात्र तू आधी वाच. मी नंतर बघेन.

तुझा,
काका