निकेल-क्रोमचा तीन युनिटचा दातांचा ब्रिज (दोन टोकांना क्राऊन म्हणजे टोप्या, मधे पाँटिक म्हणजे नकली दात) कास्टिंगनंतर डायवर (दाताच्या प्रतिकृतीवर) पूर्ण बसत नाही. कारण काय असेल?

आधी ब्रिज आतून भिंगाखाली बघा. कोपऱ्यात खसखशीएवढी गोळी दिसली, तर इन्व्हेस्टमेंट (साचा बनवायचा मसाला) ओतताना मेणाच्या पॅटर्नला हवेचा बुडबुडा चिकटला होता. बारीक गोल बरने (घासायच्या फिरत्या टोकाने) तेवढी गोळीच काढा. दाबून बसवू नका. डायची मार्जिन (क्राऊनची कड टेकते ती रेषा) एकदा झिजली की खरं माप कायमचं गेलं.

गोळी नाही, पण दोन्ही क्राऊन सगळीकडून घट्ट? मग प्रसरण कमी पडलंय. हा धातू थंड होताना साधारण 2 टक्के आकसतो आणि ती तूट फॉस्फेट इन्व्हेस्टमेंटने फुगून भरायची असते. सिलिका लिक्विडमध्ये (इन्व्हेस्टमेंटची पावडर कालवायच्या द्रवात) पाणी वाढलं की फुगणं घटतं. पुढच्या वेळी पाणी कमी करा, लिक्विड अंदाजाने न घेता मोजून घ्या, रिंगला (इन्व्हेस्टमेंट ओतायच्या कड्याला) आतून लायनर म्हणजे फुगायला जागा देणारी मऊ पट्टी लावा. डाय स्पेसर (सिमेंटला जागा ठेवणारा डायवरचा पातळ थर) मार्जिनपासून 1 मिमी सोडून लावला होता ना, तेही तपासा. (जिप्समची इन्व्हेस्टमेंट इथे चालतच नाही, 700 अंशांच्या वर ती बिघडून गंधकाचे वायू सोडते.)

एक क्राऊन बसतो, दुसरा उचलला जातो, ब्रिज डुगडुगतो: बहुतेकदा मेण वाकलेलं असतं. पुढच्या वेळी मेणाच्या पॅटर्नमध्ये पाँटिकचा एक जोड पातळ ब्लेडने कापा, डायवरच पॅटर्न रेझिनने (घट्ट होणाऱ्या प्लास्टिकने) पुन्हा जोडा, मार्जिनचं मेण नव्याने बसवा आणि पॅटर्न उचलल्याबरोबर इन्व्हेस्ट करा. बाहेर ठेवलेलं मेण ताण सोडत वाकत राहतं.